एकराचा भाव तोंडी वेगळा, कागदावर वेगळा : जालना जिल्ह्यात जमिनीची किंमत ठरते कशी?

जालना : गावात जमिनीचा सौदा झाला की दुसऱ्या दिवशी पारावर दोन आकडे फिरतात. विकणारा सांगतो तो एक, घेणारा सांगतो तो दुसरा. तिसरा आकडा खरेदीखतावर लिहिलेला असतो आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण उद्या त्याच शिवारातून रस्ता, रेल्वे किंवा कालवा जायचा ठरला तर सरकार पारावर विचारायला येत नाही, तो तिसरा आकडाच उघडून बघतं. म्हणून एकरी भाव कशावर ठरतो, कुठे जास्त, कुठे कमी आणि कागदावर कमी लिहिल्याने नेमकं कुणाचं नुकसान होतं, हे प्रत्येक खातेदाराला माहीत असायला हवं.

आधी मोजमाप पक्कं करा

भावाचा अर्धा घोळ मोजमापातच होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, सौदा एकरात होतो आणि रस्त्याकडेचा दलाल गुंठ्याचा नाहीतर फुटाचा भाव बोलतो.

- १ एकर म्हणजे ४० गुंठे.
- १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १ आर.
- १ एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट.
- १ हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे जवळपास २.४७ एकर.

गुंठा ५० हजार म्हटलं की एकर २० लाखांचा झाला. फूट १०० रुपये म्हटलं की एकर ४३ लाखांच्या वर गेला. उलट सरकारी दर हेक्टरी १० लाख दिसला तर तो एकरी ४ लाख ५ हजारांच्या आसपासच असतो. प्लॉटचा भाव ऐकून वावराचा भाव लावू नये. प्लॉटमध्ये रस्ते, मोकळी जागा, बिनशेतीचा खर्च आणि विकणाऱ्याचा नफा धरलेला असतो.

सातबाऱ्यावर पोटखराबा किती आहे तेही बघावं. एकूण क्षेत्र दोन एकर आणि त्यात दहा गुंठे पोटखराबा असेल, तर पेरणीचं वावर पावणेदोन एकरच असतं. सौदा मात्र बऱ्याचदा पूर्ण दोन एकरांवर होतो.

जमीन तेवढीच, वाटेकरी जास्त

भाव खाली का येत नाहीत याचं मोठं कारण कृषी गणनेत दिसतं. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. आज्याचं वावर बापाच्या पिढीत वाटलं गेलं, बापाचं पोरांत. प्रत्येकाला दोन एकर अजून हवंय आणि शेजारचा धुरा सोडायला कुणी तयार नाही. शेजारच्या वावराला सगळ्यात जास्त भाव शेजारीच देतो, तो याच कारणाने. त्याची विहीर, त्याचा रस्ता आधीच तिथे असतो.

जिल्ह्यात चार पट्टे, चार चाली

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत, पण जमिनीचा भाव तालुक्याच्या हद्दीप्रमाणे चालत नाही. तो पाण्याच्या आणि रस्त्याच्या रेषेने चालतो.

गोदाकाठ आणि कालव्याचा पट्टा : अंबड, घनसावंगी आणि परतूरचा दक्षिण भाग. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि डावा कालवा या भागातून पुढे परभणीकडे गेला. भारी काळी जमीन, ऊस, मोसंबी आणि जवळ कारखाने, त्यामुळे इथे शेतीसाठीच जमीन मागणारे लोक आहेत. भाव पिकाच्या आणि पाण्याच्या जोरावर टिकतो. कालव्याच्या वरच्या अंगाची आणि खालच्या अंगाची जमीन यात मात्र मोठा फरक पडतो. वरच्या अंगाला प्रवाहाने पाणी बसत नाही, ते उचलावं लागतं.

जालना-बदनापूरचा पट्टा : इथे औद्योगिक वसाहत आहे, दरेगाव-जवसगाव परिसरात ड्रायपोर्ट आहे आणि समृद्धी महामार्ग याच दोन तालुक्यांतून गेला. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. त्यात २०२३ मध्ये जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या पट्ट्यात जमीन घेणारा बऱ्याचदा कसणारा नसतो. तो पाच-दहा वर्षांनी विकायच्या हिशोबाने घेतो. म्हणून इथे मुरमाड जमीनही महाग आणि भाव अफवेवर हलणारा.

समृद्धीने आणखी एक गोष्ट केली. ज्यांची जमीन गेली त्यांच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली आणि त्यातल्या अनेकांनी आजूबाजूच्या गावांत जमीन शोधली. ज्या गावांना महामार्ग लागलाही नाही, तिथेही त्यामुळे भाव चढले. मोबदला घेऊन लगेच जमीन घ्यायला निघालेल्याला चढा भाव द्यावा लागला, आणि गेलेल्या क्षेत्राइतकं क्षेत्र सगळ्यांना परत मिळालं नाही.

भोकरदन-जाफ्राबादचा पट्टा : कापूस, मका, सोयाबीन, मिरची. विहिरीवरची शेती जास्त. जालना-जळगाव हा १७४ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला, तेव्हापासून या भागात रेल्वेचं नाव घेऊन भाव सांगितला जातो. स्टेशन कुठे आणि रूळ कुठून, हे पक्कं झाल्याशिवाय त्या नावावर जादा पैसे मोजणं म्हणजे न उगवलेल्या पिकाची उचल घेणं आहे. आणि रूळ वावरातूनच गेला तर भाव वाढत नाही, वावर जातं.

मंठा-परतूरचा उत्तर पट्टा : सोयाबीन, तूर, कापूस. निम्न दुधनाच्या पाण्याजवळची गावं सोडली तर जमीन बरीचशी पावसावर. जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग याच बाजूने आखला गेला. समृद्धीसारखा मोबदला मिळावा, ही मागणी याच पट्ट्यातून झाली. मोबदला कसा ठरतो हे पुढे दिलं आहे.

एकाच शिवारात दोन भाव का?

एकच गाव, धुऱ्याला धुरा लागलेला, तरी एक एकर दुसऱ्याच्या दुप्पट जातो. त्याची कारणं अशी.

पाणी : विहीर आहे एवढं पुरत नाही, ती मे महिन्यात किती वेळ चालते हे विचारावं. २०१२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी कुऱ्हाड लावली. बागेकडे बघून जमीन घेणाऱ्याने ते वर्ष विसरू नये. जालना तालुक्यातल्या कडवंचीने उलटं करून दाखवलं. पाणलोटाची कामं आणि शेततळी झाली आणि कमी पावसाच्या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. जमीन तीच होती, तिच्यात पाणी मुरवल्याने तिची पत वाढली.

रस्ता : वावर कितीही काळंभोर असो, ट्रॅक्टर दुसऱ्याच्या वावरातून न्यावा लागत असेल तर भाव तिथेच तुटतो. "आजवर कुणी अडवलं नाही" हे शब्द खरेदीखतात टिकत नाहीत. रस्त्यासाठी तहसीलदाराकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली अर्ज करता येतो, पण निकालापर्यंत पेरण्या निघून जातात. नकाशावर रस्ता आहे का ते सौद्याआधी बघावं.

जमिनीचा पोत : भारी, मध्यम, हलकी, मुरमाड, चिबड. चिबड जमीन उन्हाळ्यात सुरेख दिसते. ती ऑगस्टमध्ये बघितल्याशिवाय कळत नाही.

कागद : भोगवटादार वर्ग १ ची जमीन मोकळी. वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी लागते, नजराणा भरावा लागतो. मराठवाड्यात इनाम जमिनींचा प्रश्न जुना आहे. खिदमतमाश आणि देवस्थान इनामाचा व्यवहार साध्या खरेदीखताने होत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीलाही परवानगीची अट आहे. अशी जमीन स्वस्त सांगितली जाते, ती स्वस्त का आहे हे सातबाऱ्यावरच लिहिलेलं असतं.

विकणाऱ्याची नड : लेकीचं लग्न, दवाखाना, सावकाराचा तगादा. नडलेल्याचा सौदा आठ दिवसांत होतो आणि भाव पडतो. असा एक सौदा झाला म्हणून सगळ्या शिवाराचा भाव पडला असं धरू नये. रस्त्याकडेचा एखादा तुकडा चढ्या भावाने गेला म्हणून सगळं शिवार महाग झालं, असंही होत नाही.

रेडीरेकनर म्हणजे काय?

नोंदणी व मुद्रांक विभाग दरवर्षी वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता काढतो. यालाच लोक रेडीरेकनर म्हणतात. नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात. २०२३ आणि २०२४ मध्ये दर तसेच ठेवले होते. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी ४.३९ टक्के आणि ग्रामीण भागात ३.३६ टक्के वाढ झाली.

गावच्या शेतजमिनीचा दर आकारणीच्या गटाप्रमाणे, जिरायत-बागायत असा भेद करून हेक्टरी दिलेला असतो. रस्त्यालगतच्या जमिनीला वेगळा दर असू शकतो. मुद्रांक शुल्क भरताना खरेदीखतातली रक्कम आणि सरकारी मूल्य यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर भरावं लागतं. इथूनच सगळी गडबड सुरू होते. प्रत्यक्ष सौदा १४ लाखांचा असला तरी सरकारी मूल्य ५ लाख आहे म्हणून कागदावर ५ लाखच लिहिले जातात. वरचे ९ लाख रोख. त्या दिवशी दोघंही खूश असतात.

कमी लिहिलेला आकडा परत येतो तेव्हा

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात जमिनीचं बाजारमूल्य काढायची रीत दिली आहे. एक, रेडीरेकनरचा दर. दोन, त्या गावात किंवा जवळच्या परिसरात तशाच जमिनीची मागच्या तीन वर्षांत नोंदलेली खरेदीखतं घ्यायची, त्यातली जास्त किमतीची निम्मी निवडायची आणि त्यांची सरासरी काढायची. तीन, खासगी कंपनीसाठी किंवा भागीदारीच्या प्रकल्पासाठी संपादन असेल तर संमतीने ठरलेली रक्कम. यांत जी जास्त असेल ती धरायची. त्याला गुणक लावायचा. ग्रामीण भागात तो १ ते २ च्या दरम्यान राज्य सरकार ठरवतं. आणि त्या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम.

आता हिशोब बघा. समजा, एका गावात तीन वर्षांत आठ सौदे झाले. प्रत्यक्षात भाव होते एकरी १०, १०, ११, १२, १२, १४, १४ आणि १६ लाख. कागदावर मात्र लिहिले ३, ३, साडेतीन, ४, ४, ५, ५ आणि ६ लाख.

- कागदावरचे वरचे चार : ४, ५, ५, ६. सरासरी ५ लाख.
- खरे भाव लिहिले असते तर वरचे चार : १२, १४, १४, १६. सरासरी १४ लाख.

गुणक १ धरला आणि १०० टक्के दिलासा मिळवला तर पहिल्या हिशोबाने एकरी १० लाख मिळतात, दुसऱ्याने २८ लाख. गुणक २ धरला तर २० लाख आणि ५६ लाख. म्हणजे गुणक १ असताना ज्याची जमीन गेली त्याला १० लाख मिळाले आणि तशीच जमीन परत घ्यायला गेला तर भाव १४ लाख. त्याने स्वतः कधी जमीन विकली नव्हती, की कमी रक्कम लिहिली नव्हती. शेजाऱ्यांनी वाचवलेलं मुद्रांक शुल्क त्याच्या मोबदल्यातून गेलं.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जिल्ह्यात याच कायद्याखाली आधीच्या संपादनात दिलेला मोबदला नव्या संपादनाचा बाजारभाव काढताना धरायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. "शेजारच्या गावाला एवढे मिळाले" हे सांगून भागत नाही. आपल्या गावची खरेदीखतं काय सांगतात, तेच कामाला येतं. रेडीरेकनरचे दर ठरवतानाही नोंदलेले व्यवहार बघितले जातात. म्हणून गावाने सतत कमी लिहिलं की दोन्ही बाजूंनी दर खालीच राहतो.

विहीर, झाडं, पाइपलाइन यांचं मूल्यांकन वेगळं होतं. पण त्याची नोंद हवी. बाग उभी आहे आणि सातबाऱ्यावर जिरायत कापूस दिसतोय, अशी वेळ अनेकांवर येते आणि मग कार्यालयाच्या चकरा सुरू होतात. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची सोय आहे. ती दर हंगामात करावी. विहीर, बोअर, फळझाडं तलाठ्याकडून नोंदवून घ्यावी.

रोख रकमेचा धोका वेगळाच. जमिनीच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तेवढाच दंड होऊ शकतो. आणि सौदा फिसकटला तर रोख दिलेले ९ लाख दिले होते हे सिद्ध कसं करणार? इसार पावतीवर ती रक्कमच नसते.

पिकातून जमिनीचे पैसे निघतात का?

जमीन कसायला घेताय की पैसे गुंतवायला, हे आधी ठरवावं. त्यासाठी सोपी कसोटी म्हणजे ठोका. त्या वावराचा वर्षाचा ठोका किती मिळतो ते विचारा आणि किमतीशी ताडून बघा. समजा, एकर १५ लाखांचा आणि ठोका २० हजार, तर वर्षाला सव्वा टक्क्याच्या थोडं वर सुटलं. तेच १५ लाख बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले तर ९० हजार व्याज. आणि १२ टक्क्यांनी कर्ज काढून घेतले तर वर्षाला १ लाख ८० हजार व्याज द्यायचं. कापूस-सोयाबीनच्या एका एकरातून ते निघत नाही. दुसरं वावर गहाण टाकून नवं वावर घेणाऱ्याने हा हिशोब कागदावर मांडावा, नाहीतर शेवटी दोन्ही जातात.

तुलनेसाठी अमेरिकेचं बघू. तिथलं कृषी खातं दरवर्षी जमिनीचे भाव जाहीर करतं. २०२४ मध्ये पीक जमिनीचा देशाचा सरासरी भाव एकरी ५,५७० डॉलर होता, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेपाच लाख रुपयांच्या आतबाहेर. त्या पैशांत जालन्याच्या हमरस्त्यालगत एकर मिळत नाही. आपल्याकडे भाव पिकापेक्षा टंचाईने, रस्त्याने आणि आशेने जास्त ठरतो.

सौद्याआधी हे बघा

१. डिजिटल सही असलेला सातबारा आणि ८अ काढा. शुल्क १५ रुपये. वर्ग, इतर हक्क, बोजा आणि पोटखराबा वाचा.

२. जुने फेरफार बघा. बहिणींची, काकांची नावं कधी आणि कशी कमी झाली ते समजून घ्या. हक्कसोड नोंदणीकृत आहे का विचारा.

३. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावचा दर बघा आणि सूची क्रमांक २ शोधा. गावात कोणता सौदा कितीला नोंदला, ते तिथे दिसतं. पारावरच्या आकड्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

४. मोजणी करून घ्या. धुरा सरकलेला असेल तर भांडण सौद्यासोबतच विकत मिळतं.

५. तुकडेबंदी विसरू नका. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत बागायत १० गुंठे आणि जिरायत २० गुंठे ही किमान मर्यादा आहे. त्यापेक्षा लहान तुकड्याचा सौदा नोंदणीला अडतो.

६. घेणारा शेतकरी आहे का बघा. मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

७. जमीन एकदा पावसाळ्यात आणि एकदा मे महिन्यात बघा. निदान शेजाऱ्याला तरी विचारा.

८. खरी रक्कम लिहा, बँकेतून द्या. मुद्रांक शुल्क थोडं जास्त जाईल, पण पैसे दिल्याचा पुरावा राहील आणि गावच्या नोंदीत खरा भाव राहील.

गावाच्या हातात काय आहे?

पाऊस, रस्ता, रेल्वे गावाच्या हातात नाही. खरेदीखतावरचा आकडा मात्र आहे. संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली की मागची तीन वर्षं मोजली जातात, त्यानंतर जाग येऊन उपयोग नसतो. ज्या गावांच्या शिवारातून उद्या काही जाण्याची शक्यता आहे, त्यांनी हा विषय ग्रामसभेत आत्ताच बोलून ठेवावा. आपल्या गावची तीन वर्षांची खरेदीखतं काढून बघायला फार वेळ लागत नाही. ती बघितली की आपला एकर सरकारदरबारी कितीचा आहे ते कळतं, आणि बहुतेक गावांत तो आकडा पारावरच्या भावाच्या जवळपासही नसतो.